झेनॉन हेडलाइट किटबाबत तक्रार आणि पैसे परत मिळण्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘सर्व एच४ गाड्यांना चालते’ असे सांगून विकलेल्या ३५ वॅट, ६००० केल्विन झेनॉन किटबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचे झेनॉन किट मी माझ्या वडिलांच्या मारुती एस्टीमसाठी विकत घेतले. गाडी २००५ सालची आहे आणि आजही रोजच्या वापरात आहे. तिला एच४ प्रकारचा हॅलोजन बल्ब लागतो, ज्यात अप्पर आणि डिपर, म्हणजे लांबचा आणि खालचा झोत, एकाच बल्बमधून मिळतात. बिलाची प्रत आणि खोक्याचे फोटो सोबत जोडले आहेत. खोक्यावर तीन गोष्टी ठळक अक्षरांत छापल्या आहेत: ‘सर्व एच४ गाड्यांना चालते’, ‘हॅलोजनच्या तिप्पट उजेड’ आणि ‘आरटीओ मान्य’. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट खोटी आहे. दुसरी खरी आहे, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राने मला ईमेलने कळवले की बल्ब पेटतात, दोन्ही बॅलास्ट (झेनॉन बल्ब पेटवून त्याला वीज पुरवणारे डबे) चालू आहेत, त्यामुळे वॉरंटीचा प्रश्न येत नाही. बल्ब पेटत नाहीत अशी तक्रार मी कधीच केली नव्हती. ते पेटतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतात, ही माझी तक्रार आहे. तिचे उत्तर अजून मिळालेले नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

कराडहून चिपळूणला आमचे सतत जाणे-येणे असते. पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि पुढे कुंभार्ली घाट. पावसाळ्यात तिथे धुके असे उतरते की रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टाही दिसेनासा होतो. जुन्या हॅलोजनचा उजेड कमी पडत होता, म्हणून हे किट घेतले. किट बसवल्यावर गाडी घरासमोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि डिपर लावला. हॅलोजन असताना भिंतीवर एक सरळ रेघ दिसायची: खाली उजेड, वर अंधार, आणि डाव्या बाजूला रेघ थोडी वर चढलेली. आपल्या किटने ती रेघच पुसून टाकली. छतापर्यंत पांढरानिळा उजेड पसरला. नंतर माझ्या पतींनी गाडी लांबून आणली आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. डिपरवर असूनही गाडी जवळ येईपर्यंत मला तिच्या मागचे काहीच दिसत नव्हते, आणि ती निघून गेल्यावरही थोडा वेळ डोळ्यांपुढे अंधारी होती. मी तिथे दुचाकीवर असते तर काय झाले असते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. घाटात एका बाजूला दरी असते.

असे का होते, हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. एच४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, अप्परचे ६० वॅटचे आणि डिपरचे ५५ वॅटचे. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच उजेड पडतो आणि तो खाली, रस्त्यावर परततो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या बारीक, सरळ तारेची जागा आणि लांबी धरून आखलेला असतो. आपल्या बल्बमध्ये तार नाही, दोन टोकांमध्ये पेटलेली ठिणगी आहे. तिचा आकार वेगळा, ती मधे थोडी वाकलेली, आणि टोकांना तिचे तेज जास्त. अप्पर-डिपरसाठी आपण अख्खा बल्बच चुंबकाने मागेपुढे सरकवता. मग त्या रिफ्लेक्टरने प्रकाश नेमका कुठे पाठवावा?

त्यात प्रकाश किती? एच४च्या डिपरमधून साधारण १,००० ल्युमेन (प्रकाश मोजण्याचे एकक) निघतात, कारखान्यातून येणाऱ्या ३५ वॅटच्या झेनॉन बल्बमधून ३,२०० च्या आसपास. म्हणूनच झेनॉन मुळातून बसवलेल्या गाड्यांना त्याच्यासाठीच घडवलेला दिवा असतो, बहुतेकदा प्रोजेक्टर, म्हणजे भिंगातून झोत टाकणारा दिवा. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूने सेव्हन सिरीजमध्ये हे दिवे आणले, तेही त्यांच्यासाठी खास आखणी करून. २,००० ल्युमेनपेक्षा जास्त प्रकाशाच्या डिपरला युरोपातल्या नियमांनी काच धुण्याची सोय आणि गाडीत वजन भरले की फोकस आपोआप खाली घेणारी यंत्रणा सक्तीची केली. आमच्या एस्टीममध्ये यातले काहीही नाही, आणि आपल्या खोक्यातही नव्हते. मागच्या सीटवर तिघे बसले आणि डिकी भरली की गाडीचे नाक वर उचलते. मग तो तिप्पट उजेड जातो कुठे, हे आपणच सांगा.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सुचवले, ‘फोकस खाली करून घ्या.’ आम्ही तेही करून घेतले. चकाकी कमी झाली नाही, कारण जो प्रकाश मुळातच सगळीकडे विखुरला आहे तो स्क्रू फिरवून गोळा होत नाही. उलट आता बोनेटसमोरचा रस्ता झगमगतो आणि लांबचे काही दिसत नाही. जवळचे फार उजळले की डोळा त्याला सरावतो आणि पुढचा अंधार आणखी गडद वाटतो. धुक्यात तर वर गेलेला सगळा उजेड परत आमच्याच डोळ्यांवर येत होता. ज्या घाटासाठी किट घेतले, त्याच घाटात हॅलोजनपेक्षा कमी दिसू लागले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ आपण वाचला असेलच. पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा, आणि ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवू शकणार नाही असा हवा, असे त्यात आहे. दीड मीटर म्हणजे जवळपास स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची. पंधरा वर्षांवरच्या आमच्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण आले तेव्हा नमुना २५ भरून आम्ही गाडी तपासणीला नेली. मोटार वाहन निरीक्षकांनी दिवे लावायला सांगितले आणि मूळ दिवे बसवून परत आणा म्हणाले. खोक्यावरचे ‘आरटीओ मान्य’ मी त्यांना दाखवले. ही मान्यता कोणी दिली, असे त्यांनी विचारले. तोच प्रश्न मी आपल्याला विचारते. कोणत्या चाचणी संस्थेचे, कोणत्या क्रमांकाचे प्रमाणपत्र आपल्याकडे आहे? असेल तर त्याची प्रत पाठवा.

आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, कारण जुन्या गाड्या सांभाळणारी माझ्यासारखी पुष्कळ माणसे आपले ग्राहक आहेत. मूळ दिवे परत बसवताना आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि बल्बच्या कपलरपाशी, म्हणजे वायर बल्बला जोडणाऱ्या सॉकेटपाशी, ११.६. दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि वीस वर्षांच्या बारीक, गंजलेल्या वायरींमधून जात होता, मधे रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्यांना देणारा वेगळा स्विच) नव्हता. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. १० टक्के व्होल्टेज घटले तर जवळजवळ ३० टक्के उजेड जातो. म्हणजे आमचे दिवे निम्म्याच्या आसपासच उजेड देत होते. इलेक्ट्रिशियनने बॅटरीपासून जाड वायर ओढली, दोन रिले टाकले, अर्थिंग नवीन केले आणि साधे ६०/५५ वॅटचे बल्ब लावले. आता घाटात छान दिसते आणि समोरचा कोणी रागाने अप्पर मारत नाही. आपल्या दुकानातल्या माणसाने किट विकण्याआधी एवढा मीटर लावून पाहिला असता तर? आपले किट त्याने त्याच अशक्त वायरिंगवर जोडले. पेटतेवेळी बॅलास्ट नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढतो, तरी वेगळी वायर आणि रिले खोक्यात दिलेले नाहीत. कपलर वितळून काळा पडला, त्याचा फोटो सोबत आहे. रेडिओवर आकाशवाणी लावली की घरघर यायची, तो त्रास त्यामानाने किरकोळ म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. किटची पूर्ण किंमत आणि दुकानात घेतलेली बसवण्याची मजुरी परत करावी. जळालेला कपलर बदलण्याचा आणि किट काढून मूळ दिवे बसवण्याचा खर्च द्यावा, त्याचे बिल जोडले आहे. नव्या वायरिंगचे आणि रिलेचे पैसे मी मागत नाही, ते काम गाडीला हवेच होते. ‘सर्व एच४ गाड्यांना चालते’ आणि ‘आरटीओ मान्य’ हे दोन्ही मजकूर खोक्यावरून आणि जाहिरातींतून काढावेत. ज्या ग्राहकांनी हे किट हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवले आहे त्यांना आपण स्वतःहून कळवावे. त्यांचे मोबाइल क्रमांक वॉरंटी नोंदणीमुळे आपल्याकडे आहेतच. ही शेवटची मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते, आणि ती मी सोडणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि सदोष वस्तू या दोन्ही मुद्द्यांवर सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते आणि एवढ्या लहान रकमेला शुल्कही लागत नाही, त्यामुळे मला त्यात अडचण नाही. किट मूळ खोक्यात भरून ठेवले आहे. ते नेण्याची व्यवस्था आपण आपल्या खर्चाने करावी आणि येणाऱ्या माणसाजवळ पोचपावती द्यावी.

आपली,
(सही)
कराड, जि. सातारा