शॉवरचे पाणी कोमटच का?

संपादक महोदय,

थंडी पडली की खेड्यापाड्यांत गिझरच्या तक्रारी वाढतात आणि मिस्त्री बहुधा कॉइल बदलून मोकळा होतो. पण दोष यंत्रातच असतो असे नाही. गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पडते. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने २३० ऐवजी १६५ व्होल्ट मिळाल्यास २००० वॅटचा गिझर जेमतेम निम्म्या ताकदीने चालतो. टाकीच्या गिझरला दुप्पट वेळ लागतो आणि इन्स्टंट गिझर तर शेवटपर्यंत कोमट पाणीच देतो. अशा वेळी नवी कॉइल काय कामाची?

बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर खरवडून काढावा लागेल असा पांढरा थर चढतो, तो वर्षातून एकदा साफ करून घ्यावा. बादलीच्या नळाला कढत आणि शॉवरलाच कोमट पाणी येत असेल, तर मिक्सरमधून गार पाणी मिसळत असण्याची शक्यता अधिक.

घरगुती वापरासाठी गावाला स्वतंत्र रोहित्र मिळावे, ही मागणी मात्र मिस्त्रीच्या हातची नाही. तिची दखल वीज वितरण यंत्रणेने घ्यावी.

– एक वाचक, दारव्हा तालुका (जि. यवतमाळ)