३१८ ला ३१८ च राहू देणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काकांस,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी जुनी डॉज डार्ट गाडी स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर गॅरेजबाहेर पडली, तेव्हा आपण मुलीकडे गेला होतात. त्या दिवशी समक्ष सांगायचे राहून गेले ते आता लिहून कळवतो आहे, आणि जुन्या अमेरिकन गाड्यांच्या नादी लागलेल्या इतर मराठी मंडळींनाही त्यातले काही उपयोगी पडेल, म्हणून पत्र उघड ठेवतो आहे.

मिशिगनमधल्या एका कोठारात एकोणीस वर्षे उभी असलेली ही १९७० ची डॉज डार्ट स्विंगर (वरचे ३१८ म्हणजे तिच्या व्ही-८ इंजिनाचे घन इंचांतले आकारमान) मी ३,४०० डॉलरला घेतली ती, खरे सांगायचे तर, नुसत्या रूपावर भाळून. आपण पाहायला आलात तेव्हा बोनेट उघडायलाही सांगितले नाहीत. विजेरी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन सरळ गाडीखाली शिरलात. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे, आणि पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बार (स्प्रिंगचे काम करणाऱ्या, पीळ घेणाऱ्या सळ्या) मागच्या टोकाला ज्या आडव्या क्रॉसमेंबरमध्ये बसतात तो रस्त्यावरच्या हिवाळी मिठाने पोखरला असेल तर बाकी सगळा खर्च वाया जाईल, हे आपण तिथूनच, आडवे पडल्या पडल्या, समजावून सांगितलेत. क्रॉसमेंबर शाबूत निघाला. पुढचे दोन्ही फ्लोअर पॅन (पायाखालचे पत्रे) आणि डिकीचा तळ मात्र चाळणी झाले होते, आणि मी ते लांबी भरून झाकायचा विचार बोलून दाखवताच आपण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलेत ती मी विसरलेलो नाही. पुढचे तीन शनिवार आपण मला वेल्डिंग शिकवण्यात घालवलेत.

इंजिन जाम होते. ते बाहेर काढून पूर्ण उघडण्यासाठी एका वर्कशॉपने मला सांगितलेली रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होती. आपण स्पार्क प्लग काढून आठही सिलिंडरमध्ये ॲसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल समप्रमाणात मिसळून ओतायला लावलेत आणि दहा दिवस हात लावायचा नाही, असे बजावलेत. अकराव्या दिवशी क्रँकच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावल्यावर तो बोटभर हलला, तेव्हा आपण पुढे रेटायचे नाही, मागे घ्यायचे, असे करत करत तासाभराने पहिला पूर्ण फेरा काढलात. नंतर दोन सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी भरले. चमचाभर तेल घालून पुन्हा मोजले तरी ते वाढेना, म्हणजे दोष पिस्टन रिंगांचा नव्हे, व्हॉल्व्हचा. त्यामुळे फक्त इंजिनाची वरची, व्हॉल्व्ह असलेली दोन सिलिंडर हेड मशीन शॉपमध्ये गेले आणि खालचे इंजिन जागेवरच राहिले. व्हॉल्व्ह ढकलणारे सोळा लिफ्टर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत बसावेत म्हणून आपण आणलेला अंड्यांचा ट्रे अजून माझ्या फळीवर आहे.

चाकांचा प्रसंग लिहिताना अजून ओशाळायला होते. डाव्या बाजूच्या चाकांचे नट सुटेनात म्हणून मी पाइप लावून जोर केला आणि दोन स्टड मोडले. त्या काळी क्रायस्लर डाव्या चाकांना उलटे आटे देत असे, हे आपण हसू आवरत सांगितलेत. पुढे डिस्क ब्रेक बसवायचा माझा हट्टही आपण मोडून काढलात: नवे व्हील सिलिंडर, होज, ब्रेक लाइन आणि नवा मास्टर सिलिंडर घालून मूळचे ड्रम ब्रेक माझ्या वापराला पुरेसे होते, आणि वाचलेल्या पैशांत पेट्रोलची टाकी व रेडिएटर झाले. डॅशबोर्डवरच्या ॲमीटरमधून चार्जिंगचा सगळा प्रवाह फिरतो आणि फायरवॉलवरचा जुना कनेक्टर त्याने वितळू शकतो, हे तर मला ठाऊकच नव्हते. ती तार आपण वळवून दिलीत नसती तर एव्हाना गाडीची राख झाली असती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती फार होणार नाही.

पण मुख्य आभार वेगळ्याच गोष्टीसाठी आहेत. रंगकाम जवळ आले तेव्हा मी ‘३४०’ चे, म्हणजे त्याच गाडीच्या मोठ्या इंजिनाचे, बिल्ले आणि पट्ट्या मागवायला निघालो होतो, कारण २३० अश्वशक्तीच्या ३१८ ला खरी मसल कार (दणकट इंजिनाची वेगवान गाडी) म्हणत नाहीत आणि २७५ च्या ३४० ला म्हणतात. आपण वाद घातला नाहीत. डॅशबोर्डवरच्या गाडीच्या ओळख क्रमांकाकडे बोट दाखवून एकेक अक्षर वाचायला लावलेत: पाचवे ‘जी’, म्हणजे ३१८, सातवे ‘बी’, म्हणजे डेट्रॉइटलगतच्या हॅमट्रॅमकचा कारखाना. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि नंतर पाडला गेला. त्या काळी डेट्रॉइटमध्ये नव्याने आलेले आपण टूल रूममध्ये डाय (साचे) घासत होतात, आणि त्या फाटकातून सामान गुंडाळून बाहेर पडणारी माणसे आपण पाहिली होतीत. “त्यांनी जी बनवली तीच राहू दे,” एवढेच आपण म्हणालात. मी बिल्ले मागवले नाहीत. फेंडरच्या पट्टीवरच्या ‘ईएफ८’ या खुणेप्रमाणे तिला तिचा मूळचा गडद हिरवा रंगच दिला, तोही एका थराने कमी, कारण पैसे संपले होते.

गाडीच्या किमतीसकट सगळा खर्च ९,१०० डॉलर झाला. आपल्या शनिवारांचा त्यात हिशेब नाही, आणि तो विषय काढला की आपण चहा मागता, म्हणून इथेही काढत नाही. आपला टॉर्क रेंच माझ्याकडेच आहे. तो घेऊन मी रस्त्यावर मीठ पडायच्या आत एका रविवारी येईन, डार्टनेच. कारखाना होता त्या जागेवरून एक फेरी मारू, आणि गाडी आपण चालवायची आहे.

आपला,
डार्टवाला शेजारी