तळ्यातल्या धुडाला बुडायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

कलाकारांच्या सुरक्षिततेसाठी एका दिवसापुरते बोलावलेले पाणबुडे म्हणून आपण आमच्या चित्रीकरणाला आलात आणि नऊ दिवस राहिलात. मानधन मात्र ठरल्याप्रमाणे एकाच दिवसाचे घेतलेत. श्रेयनामावलीत आपले नाव अगदी शेवटी, ‘जलसुरक्षा’ एवढ्या एका शब्दासमोर आले आहे. आमच्या तुटपुंज्या पैशांतल्या भयपटात जे काही भीतिदायक उतरले, त्यातला मोठा वाटा आपला असताना ही नोंद फारच अपुरी आहे, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

पहिल्या दिवशीची फजिती आठवली की आजही मान खाली जाते. तळ्यातला राक्षस, ज्याला आमचे सगळे युनिट ‘धूड’ म्हणत असे, आम्ही दोन महिने खपून तयार केला होता. पीव्हीसी पाइपांचा सांगाडा, त्यावर गादीचा स्पंज आणि वरून लेटेक्सची कातडी. पाण्यात सोडताच धूड उताणे झाले आणि चारही पाय वर करून निवांत तरंगू लागले. पुढे कातडीच्या फटींतून स्पंज पाणी पीत गेला, तसे ते नाकाच्या बाजूने बुडू लागले आणि सहा जणांनी ओढूनही काठाला लागेना. नायिका किंचाळायचे सोडून हसत सुटली होती. हसला नाहीत ते फक्त आपण. गुडघाभर पाण्यात उतरून, धुडाच्या पोटावर हात ठेवून आपण विचारलेत, ‘‘याचं पोट किती लिटरचं आहे?’’ या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकाकडेही नव्हते.

मग आपण काठावरच्या मातीत काडीने मांडलेला हिशेब मी वहीत उतरवून घेतला आहे. पोट 300 लिटरचे आणि आत हवा कोंडलेली असेल, तर ते पाण्याखाली न्यायला सगळे मिळून 300 किलोंहून अधिक वजन लागणार. आमचे धूड जेमतेम 60 किलोंचे. उरलेले 240 किलो शिसे आणण्याची आमची ऐपत नव्हती आणि आपल्या मते तशी गरजही नव्हती. पोटाला खालून आणि पाठीवरून भोके पाडली की हवा निघून जाते, पाणी आत शिरते आणि आतल्या पाण्याचा भार पाण्यात जाणवत नाही. मग तोलायचे उरते ते फक्त सामानापुरते. स्पंज उपटून आपण पाणी न पिणारा, बंद छिद्रांचा फोम लावायला सांगितलात आणि स्वतःच्या कमरपट्ट्यातली शिशाची वजने काढून धुडाच्या बेंबीपाशी बांधलीत, जेणेकरून जड बाजू कायम खाली राहील. त्या संध्याकाळी धूड प्रथमच पाठ वर करून, डोळ्यांपर्यंत बुडून स्थिर राहिले. इतके साधे शास्त्र आम्ही शाळेत शिकलो होतो, याची लाज वाटायलाही आम्हाला तेव्हा सवड नव्हती.

फोम कापता कापता मी आपल्याला बिली वाइल्डर यांच्या शेरलॉक होम्सवरील चित्रपटाची गोष्ट सांगितली होती. 1969 मध्ये त्यासाठी स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवरात सुमारे 9 मीटर लांबीचा राक्षस सोडण्यात आला; दिग्दर्शकाला त्याच्या पाठीवरची मदारे आवडली नाहीत म्हणून ती काढून टाकली आणि तोल बिघडून सगळा राक्षस तळाशी गेला. तो सापडला थेट 2016 मध्ये, तळाची पाहणी करणाऱ्या यंत्राला. आपण काही क्षण काम थांबवून एवढेच म्हणालात, ‘‘मदार काढायच्या आधी पाण्यातल्या माणसाला विचारायला हवं होतं.’’ त्यानंतर मी आपल्याला विचारल्याशिवाय धुडाचे शेपूटसुद्धा हलवले नाही.

खरे ऋण मात्र सातव्या दिवसाचे आहे. समुद्रात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत गेल्याने 1975 च्या ‘जॉज’मध्ये शार्क फारसा दिसतच नाही आणि त्याच्या अंगाला अडकवलेली, पाण्यावर धावणारी पिवळी पिंपे त्याचे काम करतात, हे ज्ञान मी युनिटपुढे पाजळत होतो; पण आमच्या तळ्यात पिंपाचे काम कोणी करायचे, हे मला सुचत नव्हते. आपण एक फळी मागितलीत, तिला दगड बांधून वीतभर खाली बुडवलीत आणि लांब दोरीने ती वाऱ्याच्या उलट दिशेने ओढायला लावलीत. साऱ्या तळ्यावर बारीक लाटा डावीकडे चालल्या होत्या आणि त्यांना चिरत एकच जाड वळी उजवीकडे सरकत होती. कॅमेऱ्यामागे उभा असलेला आमचा सहायक, ज्याने ती दोरी स्वतः बांधली होती, नकळत दोन पावले मागे सरला. तेच दृश्य आज चित्रपटाचे पहिले दृश्य आहे.

मानेच्या छोट्या प्रतिकृतीबाबतही आपलेच डोळे कामी आले. उडालेले थेंब मोठे दिसतात, त्यामुळे मान खेळण्यातली वाटते, हे आपण बोललात. त्यावरून छायालेखकाला सूत्र आठवले (प्रतिकृती जितक्या पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतक्या पट चौकटी जास्त) आणि एक चतुर्थांश मापाच्या त्या मानेसाठी सेकंदाला 24 ऐवजी 48 चौकटी टिपल्यावर पाणी जड, संथ कोसळू लागले. थेंब काही लहान झाले नाहीत, म्हणून ती मान आम्ही धुक्यात ठेवली.

मुखवटा घातलेल्या कलाकाराला, शेजारी दुसरा पाणबुडा असल्याखेरीज, कमरेपेक्षा खोल पाण्यात जाऊ द्यायचे नाही, या आपल्या अटीवरून मी एकदा आवाज चढवला होता. त्याबद्दल मी क्षमा मागतो. मुखवट्यात पाणी शिरल्यावर त्या मुलाला बाहेर काढायला आपल्याला जेवढे क्षण लागले, तेवढेही काठावरून धावत आलेल्या कोणाला पुरले नसते.

आपल्या पट्ट्यातल्या आठ वजनांपैकी सात या पत्रासोबत परत पाठवत आहे. आठवे तळ्यातच राहिले. दोनदा बुड्या मारूनही आम्हाला ते सापडले नाही. त्याचे पैसे घेण्यास आपण नकार द्याल हे ठाऊक असल्याने नवे वजनच विकत घेऊन सोबत ठेवले आहे.

आपला नम्र,
धुडाच्या चित्रपटाचा दिग्दर्शक