शेवाळाच्या तेलाची बातमी नुसत्या टक्क्यावर नको

संपादक महोदय,

शेवाळापासून डिझेल बनणार अशी बातमी अधूनमधून येते आणि दरवेळी हेडिंगला तेलाचा टक्का असतो, कोरड्या वजनाच्या ५० टक्के तेल वगैरे. गोड्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ वेगळं काढायचं काम मी करते म्हणून कळकळीने लिहितेय, नुसत्या टक्क्याने वाचकाची दिशाभूल होते. शेवाळाला मिळणारा नायट्रोजन तोडला की पेशी तेल साठवायला लागतात हे खरंय, पण तेव्हाच त्यांची वाढही मंदावते, म्हणजे टक्का वाढला तरी टाकीतून हातात पडणारं तेल वाढेलच असं नाही. विचारायला हवं ते हे की लिटरमागे दिवसाला किती तेल मिळालं? बोट्रियोकॉकस ब्राउनी या शेवाळामध्ये हायड्रोकार्बन, म्हणजे इंधनासारखं तेल, भरपूर, पण दुप्पट व्हायला त्याला कित्येक दिवस लागतात.

आणि जे काम सगळ्यात आधीचं आणि सगळ्यात किचकट त्याचा बातमीत उल्लेखच नसतो. तळ्यातल्या पाण्याच्या एका थेंबात शेवाळाच्या अनेक जाती, बॅक्टेरिया, बुरशी आणि शेवाळ खाणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी असं सगळं एकत्र असतं. बीजी-११ मीडियम (शेवाळाचं खाद्य) घातलेल्या अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या प्लेटवर त्याच्या रेघा ओढायच्या, प्लेट उजेडात ठेवायची, हिरवे ठिपके यायची वाट बघायची, त्यातला एक सुटा ठिपका लूपने (तारेच्या कड्याने) उचलून नव्या प्लेटवर घ्यायचा, मग मायक्रोस्कोपखाली बघावं तर गोल क्लोरेलाच्या शेजारी चार-चार पेशींची सेनेडेस्मस ही दुसरी शेवाळं बसलेली, की परत रेघा. शुद्ध स्ट्रेन, म्हणजे एकाच जातीचा वेगळा काढलेला वाण, मिळाल्यावर तेलाला चिकटणारा नाईल रेड डाय घालून फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपमध्ये बघितलं की पेशीतले तेलाचे थेंब पिवळे चमकतात. पण चमकणारी प्रत्येक स्ट्रेन उघड्या तलावात टिकतेच असं नाही, तिथे ऊन, पाऊस, रोटिफर सगळं आलं, शिवाय लिटरभर पाण्यात शेवाळ जेमतेम ग्रॅमभर किंवा त्याहून कमी, ते गाळून काढायलाच केवढी वीज जाते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात शेवाळाच्या तेलासाठी ३,००० च्या वर स्ट्रेन गोळा करून त्यातल्या सुमारे ३०० निवडल्या आणि मग तो प्रोग्रॅमच बंद केला. एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने २००९ मध्ये शेवाळाच्या इंधनावर ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली आणि २०२३ मध्ये हात काढून घेतल्याची बातमी आली. पैसा थांबला तरी स्ट्रेन जिवंत ठेवाव्या लागतात, ठरावीक दिवसांनी नव्या मीडियममध्ये घ्याव्या लागतात आणि हे करणारा माणूस गेला की संग्रह मरतो. माझ्या मते मोठ्या घोषणांपेक्षा अशा संग्रहांना कायमचा पैसा मिळणं जास्त गरजेचं आहे, कारण तेल नाही जमलं तरी सांडपाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस काढायला याच स्ट्रेन उपयोगी पडतात.

तेव्हा विनंती अशी की पुढची बातमी छापताना स्ट्रेन कुठल्या पाण्यातली, वाढ किती आणि प्रयोग फ्लास्कमध्ये झाला की उघड्या तलावात, एवढं संशोधकांना विचारून जरूर छापा.

आपली एक वाचक