विषय: एकाच सर्व्हिसचे कोल्हापुरात 11,640 आणि सांगलीत 7,980 रुपये

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या कॉल सेंटरला पाचव्यांदा फोन केला. "डीलर स्वतंत्र आहे, लेबरचे दर तोच ठरवतो," एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. म्हणून आता लेखी देतोय.

गाडी पेट्रोल, तीन वर्षांची, 30,000 किलोमीटरची सर्व्हिस. बुकिंगआधी तुमच्याच दोन अधिकृत डीलरांकडून एस्टिमेट घेतलं. हायवेवरच्या कोल्हापूरच्या डीलरचं 11,640, सांगलीच्या डीलरचं 7,980, दोन्ही जीएसटीसह. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ड्रेन वॉशर यांचे दर दोन्हीकडं तंतोतंत सारखे. मग 3,660 चा फरक आला कुठनं, ते दोन्ही कागद शेजारी ठेवून काढलं. कोल्हापूरच्या कागदावर जादा लावलेलं असं: इंजिन फ्लशिंग 590, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग 980, एसी डिसइन्फेक्शन 760. ही कामं मी सांगितलेली नाहीत आणि तुमच्या पुस्तिकेतल्या 30,000 च्या तक्त्यातही त्यातलं एक नाही. ऑइल पुस्तिकेप्रमाणे फिल्टर धरून 3.5 लिटर लागतं, इथं 4 लिटर लावलंय. ते 260. राहिलेले 1,070 निव्वळ लेबरचे.

शनिवारी मी पुस्तिका घेऊन कोल्हापूरच्या डीलरच्या काउंटरवर गेलो. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "पॅकेजच तसं आहे." मी तक्त्याचं पान उघडून पुढं ठेवलं. त्यानं ते न वाचता बोटानं माझ्याकडं सरकवलं. म्हणाला, "पुस्तिका कंपनीची, वर्कशॉप आमचं. सांगलीला स्वस्त वाटतंय तर सांगलीला जावा. नाहीतर उद्यमनगरात कुणाकडनं पण ऑइल बदलून घ्या. मग वॉरंटीचं काय निघालं तर आमच्याकडं यायचं नाही." चार गिऱ्हाइकं ऐकत होती. माझी मुलगी शेजारी उभी होती. मी परत विचारलं, "हे लिहून देता का?" तर तो दुसऱ्याचं जॉब कार्ड भरायला लागला.

उद्यमनगर हे कुणाला हिणवायचं नाव नव्हे. शेतावरची ऑइल इंजिनं कोल्हापूरनं तिथल्याच शेडमधनं घडवली. मी तिथं 26 वर्षं लेथवर उभा आहे. कुठल्या कामाला किती वेळ जातो ते मला कळतं. माझी गाडी उभी असताना, आयडलला, थरथरत नाही, पिकअप कमी झालेला नाही, तर थ्रॉटल क्लीनिंग कशासाठी? आणि जे अर्धा लिटर ऑइल इंजिनात जाणारच नाही, त्याचे पैसे मी का भरायचे?

वॉरंटीचं बोलणं तर सरळ धमकी आहे. सांगलीचा डीलरही तुमचाच अधिकृत आहे. तिथं सर्व्हिस केली म्हणून कोल्हापुरात वॉरंटी नाकारायचा नियम असेल, तर तो गाडी विकताना का सांगितला नाही?

आमच्या घरातली ही तुमची दुसरी गाडी. तिसरी मेहुण्यानं माझ्या शब्दावर घेतली. आता त्याला काय तोंड दाखवू? लेबर डीलर ठरवतो हे मान्य. पण न सांगितलेली कामं घालणं, जादा ऑइल लावणं आणि वॉरंटीची भीती घालणं हे तुमच्या नावाच्या पाटीखाली चाललंय, त्याचं उत्तर तुम्हीच द्यायचं.

15 दिवसांत तीन गोष्टी लेखी हव्यात. 30,000 च्या सर्व्हिसमधली पुस्तिकेप्रमाणेची कामं आणि त्यांचे कोल्हापूरचे दर. कुठल्याही अधिकृत डीलरकडं सर्व्हिस केली तरी वॉरंटी राहते, याची हमी. आणि त्या काउंटरवर बोललेल्या शब्दांबद्दल माफी. नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतो आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातो. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथं फी लागत नाही.

सर्व्हिस मी सोमवारी सांगलीला करून घेतोय. दोन्ही एस्टिमेटच्या आणि पुस्तिकेतल्या त्या पानाच्या प्रती जोडल्या आहेत.

तुमचा ग्राहक,
कोल्हापूर