धुळीचे नियम फाटकावर दिसावेत

महोदय,

मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीला आवर घालण्यासाठी २७ मुद्द्यांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ७० मीटरहून उंच इमारतींभोवती किमान ३५ फूट उंचीचे पत्रे, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणे, बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुणे अशा या अटी तपासायला सोप्या आहेत. प्रश्न त्या रोज तपासायच्या कुणी, हा आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाललेल्या एका बांधकामावर चाके धुण्यासाठी खड्डा केलेला आहे, त्यात पाणी मात्र मी क्वचितच पाहिले. मातीने भरलेला डंपर फाटकाबाहेर वळला की रस्त्यावर तांबूस पट्टे उमटतात, ताडपत्री एका कोपऱ्यात फडफडत राहते आणि दुपारपर्यंत तीच माती समोरच्या वडापावच्या गाडीवर येऊन बसते. (पाहणीच्या दिवशी मात्र सडासंमार्जन असते.)

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा व बोरिवली पूर्व येथील बांधकामे सरसकट थांबवली गेली, तेव्हा नियम पाळणारेही तोडणाऱ्यांबरोबर भरडले गेले. हवा बिघडल्यावर सगळ्यांनाच टाळे लावण्यापेक्षा प्रत्येक बांधकामाच्या फाटकावर शेवटच्या पाहणीची तारीख, आढळलेल्या त्रुटी, बजावलेली नोटीस आणि त्या दुरुस्त करण्याची मुदत मराठीत लावणे बंधनकारक करावे, म्हणजे मुदत उलटल्याचे रहिवाशांनाही कळेल आणि तक्रार नेमक्या मुद्द्यावर करता येईल.

– एक रहिवासी, मुंबई