पक्षी सप्ताहाच्या सहलीत माळरानही हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर या काळात, राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो आणि त्यानिमित्ताने सातारा जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्याही सहली निघतात. त्यांचे मार्ग मात्र ठरून गेले आहेत. एक तर कास-बामणोलीचे जंगल, नाहीतर मायणी-येरळवाडीचे तलाव. दोन्ही ठिकाणे उत्तमच आहेत. परंतु खटाव-माणचा माळ मुलांना केवळ बसच्या खिडकीतून दिसावा, हे खटकते.

महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला म्हसवडकडे जेमतेम 500 मिलिमीटर. घाटातल्या ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तूर आणि माळावर तुरुतुरु धावून एकदम ताठ उभा राहणारा धाविक यांचे मुलूख त्यामुळेच वेगळे आहेत. एका जिल्ह्यात इतकी विविधता असताना सहल एकाच ठिकाणी संपवण्याचे कारण नाही.

तलावावर गेलेली मुले बहुतेक वेळा रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायलाच गेलेली असतात आणि नोव्हेंबरात त्यांचा हिरमोड होतो. रोहित चोच उलटी धरून उथळ पाण्यातला चिखल गाळतो. पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेल्या तलावात त्याला पाय टेकायलाही जागा नसते. माळावर मात्र याच सुमारास मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी कुसळी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालताना दिसतात. ते नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. शेतकऱ्याच्या मुलांना एवढे सांगितले, तरी गवताकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते, असा माझा अनुभव आहे.

उन्हाळ्यात हाच माळ माळटिटवीचे बाळंतघर असतो. चार खड्यांच्या आडोशाला, उघड्या जमिनीवर तिची ठिपकेदार, मातकट अंडी असतात. दोन पावलांवरूनही ती ओळखू येत नाहीत. आईने इशारा देताच पिल्लू जमिनीला चिकटून निपचित पडते. शत्रूची नजर चुकवण्याची ही युक्ती जीपच्या चाकापुढे आणि खड्डे खणणाऱ्या यंत्रापुढे कुचकामी ठरते.

आपण मात्र अशा जमिनीला 'पडीक' म्हणतो आणि तिच्यावर झाडे लावणे हे पुण्यकर्म समजतो. गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या की डोंगर हिरवा दिसतो, छायाचित्रही छान येते. पण गवताळ मोकळ्या जागेवर जगणाऱ्या धाविक, चंडोल, माळटिटवी यांना तिथे थारा राहत नाही. झाडांना माझा विरोध नाही. ती ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर अवश्य लावावीत.

मायणी परिसराला 2021 मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तशी दखल माळांचीही घेतली जावी. त्याआधी निदान येत्या पक्षी सप्ताहात शाळांनी सकाळचे दोन-तीन तास माळासाठी राखावेत, वाहने डांबरी रस्त्यावरच उभी करावीत आणि पक्ष्यांना जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नयेत. वन विभागानेही वृक्षारोपणाची जागा ठरवण्यापूर्वी मार्च ते मे या काळात तिथे घरटी आहेत का, याची स्थानिक पक्षीनिरीक्षकांकडून पाहणी करून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक, वडूज (जि. सातारा)